पाचव्या मजल्यावरचा मतदारसंघ

मी आयुष्यात एकच निवडणूक लढवली. कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची. तीत मी असा पडलो की मतमोजणी करणाऱ्या खजिनदारांना हातातला चहा गार व्हायच्या आत निकाल जाहीर करता आला. बायकोने मला मत दिलं होतं की नाही, हा विषय आमच्या घरात अजून निघू शकत नाही. मराठी मंडळाच्या निवडणुकीत बंगाली सल्लागार घेतल्यावर दुसरं काय होणार, असं लोक नंतर बरेच दिवस म्हणत राहिले. म्हणोत. पण मी मुळात उभा का राहिलो, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही, आणि ते सांगायचं तर दादांपासून सुरुवात करावी लागते.

दादा आमच्या हवल्लीच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर लेकीकडे राहायला आले होते. बंगालमधल्या एका नदीकाठच्या गावचे माजी आमदार. 'माजी' हा शब्द त्यांना चालत नसे. "आमदारकी हा स्वभाव असतो," ते म्हणायचे, "स्वभाव माजी कसा होईल?" पत्नी गेल्यावर गावातलं घर बंद करून लेकीने त्यांना इकडे आणलं. लेक दातांची डॉक्टर, जावई कामासाठी सतत विमानात. रोज सकाळी गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, खिशाला दोन पेनं, खांद्याला झोळी, असा सगळा जामानिमा करून दादा तयार व्हायचे आणि कुठेच जायचे नाहीत. जाणार कुठे? इथे परदेशी माणसाला सभा नाही, मोर्चा नाही, भिंत रंगवायची सोय नाही. जन्मभर माईकसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला लेकीने टीव्हीसमोर बसवलं होतं.

तरी हात जोडायची सवय जात नव्हती. ते पिझ्झा घेऊन येणाऱ्याला हात जोडत, गॅसवाल्याला जोडत, आणि एकदा तर लिफ्टच्या आरशात समोरून कोणी पांढऱ्या झब्ब्यातला माणूस येतोय असं वाटून त्यांनी त्यालाही अर्धवट हात जोडलेले मी पाहिले. लहान-मोठा प्रत्येक जण त्यांच्या लेखी 'आप'. आठवीतल्या माझ्या मुलीलासुद्धा ते "मॅडम, आपली परीक्षा कशी झाली?" असंच विचारायचे. आज ना उद्या हिला मताचा हक्क मिळणार, मग आत्तापासून अहो-जाहो केलेलं काय वाईट, असा त्यांचा दूरचा विचार. एकेरीत बोलायचे ते फक्त लेकीशी. "बाबा, ही इज अ‍ॅक्चुअली कॅम्पेनिंग," मुलगी मला म्हणाली. मी तिला गप्प केलं, पण तिचं निदान अचूक होतं.

पक्ष त्यांनी बरेच बदलले होते. म्हणजे असं लोक म्हणत. दादांच्या मते ते स्वतः एकाच जागी उभे होते आणि पक्ष येत-जात राहिले. 'हो' आणि 'नाही' हे दोन शब्द त्यांनी राजकारणात शिरतानाच सोडले होते. काहीही विचारा, मान तिरकी करून म्हणणार, "देखते हैं." जेवणार का, देखते हैं. बरं वाटतंय का, देखते हैं. आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, एक इजिप्शियन गृहस्थ होता. त्याला काहीही सांगितलं की तो छातीवर हात ठेवून "बुकरा, इन्शाल्ला" म्हणे. उद्या, देवाची इच्छा असेल तर. दादांनी पहिल्यांदा ते ऐकलं आणि अर्थ विचारून घेतला. मग बराच वेळ त्या हारिसकडे कौतुकाने पाहत राहिले. "हा माणूस आमच्याकडे असता," मला म्हणाले, "तर मंत्री झाला असता."

मी बँकेत हिशेब तपासनीस, म्हणून मला ते 'हिशेबबाबू' म्हणायचे. मी राहतो सहाव्या मजल्यावर. माझ्या वर, सातव्यावर, रत्नागिरीकडचं एक जोडपं होतं. नवरा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत पाळ्यांमध्ये काम करायचा, बायको दिवसभर एकटी, पहिलटकरीण. एवढी माणसं लक्षात ठेवली तरी पुरे.

आणि मग एक दिवस लिफ्ट बंद पडली.

हारिसने दारावर एक कागद चिकटवला आणि 'बुकरा' म्हणाला. तो बुकरा काही केल्या उगवेना. उन्हाळा ऐन भरात, जिन्यात एसी नाही, आणि आम्ही सगळे बाजाराच्या पिशव्या घेऊन वर चढतोय. चौथ्या मजल्यापर्यंत माणूस देवाचं नाव घेत जातो, पाचव्यावर पाय ठेवला की ते नावही आठवत नाही. नेमक्या त्या जागी, जिन्याच्या तोंडाशी, एका सकाळी मला एक खुर्ची दिसली. शेजारी स्टुलावर पाण्याचा जग, चार-पाच पेले, मुरमुऱ्यांचा डबा. खुर्चीत पूर्ण इस्त्रीत दादा.

"या, बसा," ते म्हणाले. दुसरी खुर्चीही होती. "पाणी घ्या. घरी सगळे ठीक?"

धापा टाकणारा माणूस खोटं बोलू शकत नाही, हा शोध मला त्या खुर्चीत लागला. मी त्यांना माझ्या साहेबाबद्दल सांगितलं, पाठीबद्दल सांगितलं, सासऱ्यांबद्दल सांगितलं. घरी गेल्यावर बायकोने एवढा उशीर का म्हणून विचारलं, तर दादांनी सोडलं नाही म्हणालो. ती म्हणाली, "मलाही सोडलं नव्हतं. तुमच्या घोरण्याबद्दल त्यांना सगळं ठाऊक आहे."

महिन्याभरात इमारतीचा कारभार पाचव्या मजल्यावरून चालू लागला. कोणाच्या मुलाला शाळेत प्रवेश हवाय, कोणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, ऑफिसात अडकलाय, कोणाच्या छतातून पाणी ठिबकतंय, सगळं त्या पाण्याच्या जगाशेजारी निघायचं. दादा पेन काढायचे, काहीही लिहायचे नाहीत, पेन परत खिशाला लावायचे आणि म्हणायचे, "देखते हैं." आणि गंमत अशी की कामं व्हायची. कारण इकामा अडकलेला माणूस निघून गेला की मागून येणारा नेमका त्या खात्यात ओळख असलेला निघायचा, आणि त्यालाही तिथेच दम लागायचा. दादांच्या गालांवर रंग आला. लेक म्हणाली, बाबा रात्री शांत झोपायला लागले.

फक्त एका कामाबद्दल ते काही करत नव्हते. लिफ्टबद्दल.

मी चारदा विषय काढला. घरमालक रुमैथियात राहायचे, म्हातारे कुवेती सद्गृहस्थ. फोन उचलत नसत, पण संध्याकाळी त्यांची दिवानिया भरायची. दिवानिया म्हणजे पुरुषांची बैठकीची मोठी खोली, तिथे कोणीही यावं, बसावं, बोलावं. दादा, तुम्ही चला, तुमच्यासारख्या माणसाचं ऐकतील, असं मी म्हणायचो. दादा मुरमुऱ्यांवर मोहरीचं तेल ओतत म्हणायचे, देखते हैं. शेवटी मी चिडून म्हणालो, मला वाटतं तुम्हाला लिफ्ट नकोच आहे.

त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि मला पुलाची गोष्ट सांगितली.

त्यांचं गावचं घर नदीच्या घाटाला लागून होतं. पलीकडे जायला नाव, आणि नाव येईपर्यंत माणसं यांच्या ओसरीवर बसायची. यांची बायको पाणी द्यायची, हे विचारपूस करायचे. एवढ्या भांडवलावर ते निवडून आले, पुन्हा पुन्हा आले. दर वेळी एकच आश्वासन, इथे पूल बांधीन. मग एका वर्षी त्यांच्या हातून चूक झाली. त्यांनी पूल बांधला. लोकांनी त्यांना हार घातले, पुलावरून मिरवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर कोणी बसेना. सगळे पुलावरून घंटी वाजवत सायकलींनी सुसाट जाऊ लागले. पुढच्या निवडणुकीत दादांचं डिपॉझिट गेलं.

"हिशेबबाबू," ते म्हणाले, "माणूस थांबतो तेव्हाच बोलतो. चालत्या माणसाला आमदार लागत नाही."

मला ते पटलं, पण माझे गुडघे माझ्याहून कमी समंजस. मी ठरवलं, आपणच जाऊ.

दिवानियाला मी एकटा गेलो, कडक टाय लावून. भिंतीलगत गाद्या, लोड, पायघोळ पांढऱ्या दिशदाशांतली मंडळी. मी दारापाशी बसलो. कॉफी वाढणाऱ्याने उंच चोचीच्या भांड्यातून इवल्याशा कपात कडू, वेलदोड्याच्या वासाची कॉफी ओतली. मी प्यालो, त्याने पुन्हा ओतली. पुन्हा प्यालो, पुन्हा ओतली. पुरे असेल तर रिकामा कप बोटांत जरा हलवून परत द्यायचा असतो, हे मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं. तिथे मी फक्त एवढंच बघत होतो की हा माणूस थांबला तर मी विषय काढीन, आणि तो माणूस बघत होता की मी थांबलो तर तो बसेल. माझं काळीज कानात वाजायला लागलं. तेवढ्यात घरमालकांनी माझ्याकडे पाहून हिंदीत विचारलं. त्यांच्या वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, त्यामुळे जुनी, थोडी गंजलेली हिंदी त्यांना येत होती. "घर कैसा है?"

आत येणाऱ्या प्रत्येकाला कसा आहेस विचारलं जात होतं, आणि प्रत्येक जण म्हणत होता, अलहमदुलिल्ला, म्हणजे देवाची कृपा. त्या ओघात, आणि त्या कॉफीत, मीही छातीवर हात ठेवून म्हणालो, "अलहमदुलिल्ला. फर्स्ट क्लास!"

घरमालक इतके खूश झाले की त्यांनी मला निघताना खजुराचा डबा दिला. तो डबा घेऊन मी सहा मजले चढलो. पाचव्यावर दादांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे काही विचारलं नाही. बायको इतकी सभ्य नाही. "खजूर छान आहेत," ती म्हणाली, "आता यांच्यात बसून वर येऊ का?"

त्यानंतरच्या आठवड्यात रत्नागिरीवाली सामान घेऊन चढत होती. सातवा महिना. नवरा पाळीवर. मी तिच्या मागून येत होतो. पाचव्या मजल्याच्या अलीकडे ती कठड्याला धरून थांबली आणि हळूच पायरीवर बसली. दादा खुर्चीतून उठले, चार पायऱ्या खाली आले, त्यांनी स्वतःच्या हाताने तिला पाणी पाजलं.

"काही नाही चाचा, डोळ्यांपुढे जरा अंधारी आली," ती म्हणाली. मग उगाच हसून म्हणाली, "वर गेलं की खाली उतरायला भीती वाटते, खाली आलं की वर चढायला. बाळाला म्हटलं, तू हळूच ये, घाई करू नको."

मी आणि दादांच्या लेकीने तिला आधार देऊन वर नेलं. परत आलो तेव्हा दादा खुर्चीत बसले नव्हते. झोळी खांद्याला होती. आपल्या खुर्चीकडे, पाण्याच्या जगाकडे, पेल्यांकडे त्यांनी एकदा नीट पाहून घेतलं.

"हिशेबबाबू, गाडी काढा."

पाच मजले उतरायला त्यांना फार वेळ लागला. गुडघ्यांमुळे ते खूप दिवसांत खाली उतरलेच नव्हते. प्रत्येक मजल्यावर थांबायचे, तिथल्या बंद दाराला हात जोडायचे आणि पुढे निघायचे.

दिवानियात शिरल्यावर मी सवयीने दारापाशी बसलो. दादा सरळ खोलीच्या टोकाला गेले आणि घरमालकांच्या शेजारी बसले, जणू व्यासपीठावरची खुर्ची त्यांच्या नावाची होती. कॉफीवाला आला. दादांनी कप घेतला आणि तो ओठांना न लावता समोर गालिच्यावर ठेवला.

बोलणं चालू होतं. कप तसाच. मी दुरून खुणा केल्या, घ्या हो, घोटभरच असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हळूहळू मला जाणवलं की खोलीतली माणसं त्या कपाकडे बघतायत. एकेक जण बोलायचा थांबला. यांनी यजमानांचा अपमान केला, आता लिफ्ट तर सोडाच, घरही जाणार, असं वाटून मला घाम फुटला.

घरमालक वाकले, त्यांनी कपाकडे पाहिलं, मग दादांकडे. "क्या मांगता है?" त्यांनी विचारलं. आवाज गंभीर होता.

मला वाटलं आता भाषण होणार. पण दादा एवढंच म्हणाले, "हमारी एक बेटी पेट से है. सातवें माले पर रहती है. आपका लिफ्ट बंद है."

घरमालकांनी मुलाला हाक मारली. अरबीत भराभर काही सांगितलं. मुलाने तिथल्या तिथे फोन लावला. मग घरमालक दादांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "पियो. काहवा पियो."

दादांनी डोळे मिटून, एरंडेल घ्यावं तशी ती कॉफी घेतली.

माझ्या शेजारी घरमालकांचा पुतण्या बसला होता. त्याने मला इंग्रजीत समजावून सांगितलं. जुनी पद्धत आहे, काही मागायला आलेला पाहुणा कप ओठांना लावत नाही. यजमानाने विचारायचं, काय हवंय. आणि 'पी' म्हटलं की दिलं. मग शब्द मागे घेता येत नाही. आमच्या लहानपणी पाहिलं होतं, आता कोणी करत नाही, या म्हाताऱ्याला कोणी शिकवलं?

गाडीत मी दादांना तेच विचारलं. ते म्हणाले, राजकारणातला साधा नियम आहे, काम होईपर्यंत समोरच्याच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "आणि त्या कॉफीला खोकल्याच्या औषधाचा वास येतो." यातलं खरं कारण कोणतं, हे मी आजही सांगू शकत नाही.

लिफ्ट सुरू झाली. दादांनी लाल फीत मागवली, लेकीच्या स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि फीत कापायचा मान रत्नागिरीवालीला दिला. खाली सगळी इमारत जमली. एवढी गर्दी पाहून हारिस घाबरला. जमाव नको, पोलीस येतील, असं हातवारे करून सांगू लागला. दादांनी क्षणभर विचार केला आणि भाषण लिफ्टच्या आत हलवलं. चार-चार जणांनी आत यायचं, दार बंद, भाषण सुरू. तळमजल्यापासून सातव्यापर्यंत जेवढं मावेल तेवढं. तिसऱ्या मजल्यावर हारिसचे आभार, पाचव्यावर आवाज चढायचा, सातव्यावर दार उघडताना टाळ्या. मग खाली येऊन पुढचे चार. मी दोनदा ऐकलं. दुसऱ्या वेळी जास्त चांगलं झालं.

आणि मग जे व्हायचं ते झालं. आम्ही सगळे सुसाट वर जाऊ लागलो. मी स्वतः सहाचं बटण दाबायचो आणि फोनमध्ये डोकं घालायचो. पाच हा आकडा लाल होऊन विझायचा. रत्नागिरीवालीला मुलगी झाली, पेढे वाटून झाले. अधूनमधून वाटायचं, दादांकडे जायला हवं. मी मनातल्या मनात म्हणायचो, देखते हैं.

मग एकदा लिफ्टमध्ये दादांची लेक भेटली. म्हणाली, बाबा बोलतच नाहीत. इस्त्रीचे कपडे घालत नाहीत. तिकीट काढ म्हणतात, गावी जातो. "तिथे आहे कोण?" ती म्हणाली. "आई नाही, ओसरीवर कुत्रंही बसत नाही. इथे निदान मी आहे. पण माझ्याकडे त्यांना देण्यासारखी एकही तक्रार नाही हो." तिचा मजला आला आणि ती उतरली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर मी लिफ्टकडे न जाता जिन्याकडे वळलो. हारिसने मला वेडा ठरवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. सवय गेली होती. तिसऱ्या मजल्यावरच माझं काम तमाम झालं. पाचव्यावर पोचलो तेव्हा खुर्ची तिथेच होती. दादाही होते, घरच्या लुंगीत. जग रिकामा होता.

"लिफ्ट बंद पडली?" त्यांनी विचारलं, आणि त्या आवाजात जी आशा होती ती ऐकवली नाही.

"नाही. डॉक्टरने जिना चढायला सांगितलाय."

"आप झूठ अच्छा नहीं बोलते," ते म्हणाले. तरी उठले, आतून जग भरून आणला, पेला माझ्यापुढे धरला. माझी जीभ टाळूला चिकटली होती. मी पेला घेतला आणि न पिता खाली, फरशीवर ठेवला.

दादांनी पेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"क्या मांगता है?" ते हळूच म्हणाले.

मी येताना एक-दोन हळवी वाक्यं ठरवून आलो होतो. पण जिन्यात ती कुठे पडली कोण जाणे. मला ऐनवेळी जे सुचलं ते मी बोललो. "आमच्या मराठी मंडळाची निवडणूक आहे. मला अध्यक्षपदाला उभं राहायचंय. सल्लागार पाहिजे."

"आप?"

"मीच."

"तुम्ही तर घरमालकांना फर्स्ट क्लास सांगून आलात."

"म्हणूनच सल्लागार पाहिजे."

"समोर कोण आहे?"

मी सांगितलं. गेली कित्येक वर्षं निवडून येणारे गृहस्थ, नाटक बसवणारे, मोदक वाटणारे, सगळ्यांचे लाडके. दादांनी मान तिरकी केली. त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. पेन नव्हतं, लुंगीला खिसाच नव्हता.

"तुम्ही पडणार," ते म्हणाले.

"दिसतंय तसं."

"वाईट पडणार. उभं राहायचं ठरलं तर दारोदार फिरावं लागेल. एकेक घर. लोक बसा म्हणतील, पाणी देतील, रडगाणी सांगतील. दोन-चार महिने तरी लागतील. सालमिया, फरवानिया, सगळीकडे." बोलता बोलता ते खुर्चीत ताठ होत गेले. "आणि तिकीट..."

पेला आमच्या दोघांच्या मध्ये फरशीवर होता.

दादांनी वाकून तो उचलला आणि माझ्या हातात दिला.

"पाणी पी," ते म्हणाले.